पिशवीले कान असतात, मास्तर

उंबरकर सर दर रविवारी सकाळी थर्मास घेऊन खाटकाकडे जात. त्यांच्या घरात चातुर्मासात कांदा शिजत नसे, गुरुवारचा उपास कधी मोडत नसे, आणि गल्लीत कोणाकडे कोंबडी शिजली तर ते खिडक्या लावून घेत. तरीही रविवारी आठच्या सुमारास धुवट सदरा, डोक्यावर टोपी आणि काखेत निळा थर्मास अशी त्यांची स्वारी चिखलीच्या बाजारातून निघालेली दिसे. कोणी नुसतं "कुठं चालले सर?" असं विचारलं, तरी थांबून सविस्तर सांगत, "पिशवी आणाले चाललो."

पिशवी म्हणजे बकरीची गर्भपिशवी. ती थर्मासमधल्या मिठाच्या पाण्यात बुडवून घरी आणायची, तिच्या स्नायूची बोटभर पट्टी कापायची, आणि त्या पट्टीला औषधाचे थेंब पाजून ती काय म्हणते ते बघत बसायचं, हा या गृहस्थांचा सुटीचा कार्यक्रम. बाकीची माणसं रविवारी डोक्याला तेल लावून घेतात.

खाटकाचं नाव रहीमभाई. त्याचा आणि सरांचा संवाद वर्षानुवर्षं एकच होता. सर विचारणार, "गाभण हाय काय आज?" आणि रहीमभाई सुरी खाली ठेवून कानाला हात लावणार, "क्या सर, गाभण बकरी कोई काटता क्या? ऊपर जाके मुंह दिखाना है मेरेको." मग सर हिरमुसून साधी पिशवी घेत आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच विचारत. रहीमभाईची समजूत अशी होती की सर बाळंतिणीसाठी कसलं तरी औषध करतात, त्यामुळे तो पैसे घेत नसे. माझी समजूत काय होती ते छापण्यासारखं नाही.

हा थर्मास एकच होता, हे मला फार उशिरा कळलं. एकदा आम्ही दोघं एस.टी.नं शेगावला दर्शनाला निघालो होतो. खामगावच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा सरांनी झोळीतून थर्मास काढून मला टोपणभर चहा दिला. आलं घातलेला, चांगला कडक चहा. मी तो मिटक्या मारत प्यायलो आणि सहज म्हणालो, "थर्मास नवा घेतलेला दिसतो."

"नवा कायले? तोच हाय. ऊन पाण्यानं खंगाळला ना."

पुढचा प्रवास मी खिडकीबाहेर तोंड काढून केला. महाराजांपुढे उभा राहिलो तेव्हा माझ्या मनात भक्तिभाव सोडून बाकी सगळं होतं.

हे सगळं मला मुकाट्यानं सहन करावं लागे, कारण उंबरकर सर माझे शेजारी होते. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालेलं. चिखलीत नवं कॉलेज निघालं आणि सर तिथे जीवशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर म्हणून आले. मी हायस्कुलात गणित शिकवी. एका घराचे दोन भाग करून मालकानं ते आम्हा दोघांना भाड्यानं दिले होते. मधे एक विटांची भिंत, पुढे दोघांत मिळून एकच ओटा, मागे एकच अंगण. अंगणात एकच दोरी. त्या दोरीनं माझ्या डोक्याला जो ताप दिला, तो दहावीच्या पोरांनीही कधी दिला नाही.

त्याचं असं झालं, की पट्टी काय म्हणते ते टिपायला सरांनी एक यंत्र केलेलं होतं. जुन्या चावीच्या ग्रामोफोनचं मशीन काढून त्यावर पत्र्याचा डबा उभा केलेला. डब्याला गुळगुळीत कागद गुंडाळायचा आणि तो कागद रॉकेलच्या चिमणीवर धरून काजळीनं काळाकुट्ट करायचा. पट्टी काचेच्या नळीत मिठाच्या कोमट पाण्यात टांगायची, तिला दोरा बांधायचा, दोऱ्याला गवताची काडी. पट्टी आवळली की काडी हलते आणि फिरत्या काळ्या कागदावर पांढरी रेघ वर उडते. पट्टी गप्प असेल तर रेघ सरळ. नागपूरला एका औषधांच्या प्रयोगशाळेत सर बरीच वर्षं होते. तिथे हे यंत्र विलायती होतं, इथे ग्रामोफोनचं.

आता ही काजळी धरायला सर अंगणात बसत, आणि वारा कायम माझ्या कपड्यांच्या बाजूला. शाळा तपासणीच्या दिवशी मी दोरीवरून सदरा काढला तर त्यावर ढगाएवढे काळे डाग. मी तो तसाच हातात धरून त्यांच्या दारात गेलो. म्हटलं, "सर, साहेब येणार आहेत आज! मी काय घालू?"

सर काडीकडे बघत होते. मान न वळवता म्हणाले, "मास्तर, हळू बोला. पट्टी ऐकून राह्यली."

"माझं कोण ऐकणार?"

"तुमी जरा हा पंप मारता काय? तिले हवा कमी पडून राह्यली."

आणि सांगायला लाज वाटते, पण साहेब यायच्या दिवशी सकाळी मी बनियनवर उकिडवा बसून सायकलच्या पंपानं एका बकरीच्या पिशवीला पाव तास हवा घातली. शेवटी उंबरकर वहिनींनी आतून सरांचा सदरा आणून माझ्या हातात ठेवला. वहिनी फार बोलत नसत. नवऱ्यानं केलेला पसारा मागून आवरत जाणं, एवढंच त्यांचं काम असल्यासारखं दिसे.

रेघ त्या दिवशीही सरळच आली. सरांनी कागद उतरवला, काजळी पुसू नये म्हणून लाखेच्या द्रावणातून काढून वाळत घातला (माझ्या दोरीवर) आणि म्हणाले, "कान नाही आले तिले."

हे त्यांचं पालुपद. त्यामागचा सिद्धान्त मी इतक्या वेळा ऐकला आहे, की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. पोटात गर्भ असतो तेव्हा पिशवीचा स्नायू नऊ महिने गप्प बसला पाहिजे. त्याला गप्प बसवायला रक्तात एक रस फिरत असतो, प्रोजेस्टेरॉन. तो पिशवीला सारखा सांगतो, नीज बाई, नीज. दिवस भरत आले की दुसऱ्या रसाचा, इस्ट्रोजेनचा जोर वाढतो, आणि तो पिशवीला कान देतो. मेंदूच्या बुडाशी एक ग्रंथी आहे, तिथून ऑक्सिटोसिन नावाचं तिसरं द्रव्य येतं. ते सांगतं, आवळ; सरांच्या थेंबांतलं औषध तेच. पण कान आलेले नसतील तर त्यानं कितीही ओरडून सांगितलं तरी पिशवीला ऐकूच येत नाही.

"खरे कान?" मी पहिल्या वेळी विचारलं होतं.

"रिसेप्टर म्हणतेत त्याले. मराठीत शब्द नाही, म्हणून मी कान म्हणतो. कोणी डोळ्यानं पाह्यले नाही अजून."

"मग आहेत कशावरून?"

"तुमी गणितात एक्स पाह्यला काय कधी? धरल्याबिगर जमत नाही, म्हणून धरता ना? तसंच हे."

हे गणिताच्या मास्तराला ऐकवलं, याचा मला अजून राग आहे.

बरं, हा सिद्धान्त बकरीपुरता राहिला असता तर माझी तक्रार नव्हती. पण सरांनी तो अख्ख्या चिखलीला लावला. कॉलेजातली पोरं नापास झाली की प्राचार्यांना सांगत, "त्याईले कान नाही आले अजून, पुढल्या साली येतीन." नगरपालिकेनं गटाराचा अर्ज तीनदा परत पाठवला तेव्हा मी संतापलो, तर हे शांतपणे म्हणाले, "ओरडून काय फायदा? कान येऊ द्या." एस.टी.च्या कंडक्टरनं थांबायची घंटी मारूनही ड्रायव्हर थांबला नाही, तेव्हा भर गाडीत सरांनी प्रोजेस्टेरॉनवर भाषण केलं. बायामाणसं पदर तोंडाला लावून खिडकीबाहेर बघू लागली. मी दुसऱ्या सीटवर जाऊन बसलो आणि ओळख दाखवली नाही.

एकदा मात्र चमत्कार झाला. एक भरल्या दिवसांची बकरी गाडीखाली सापडली आणि रहीमभाईनं स्वतः निरोप धाडला. सर धावत गेले. त्या दुपारी पट्टीवर औषधाचा एक थेंब पडला मात्र, काडी अशी उसळली की रेघ कागदाच्या वर निघून गेली. मी पंप टाकून टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते झालं होतं. पण सर हसले नाहीत. त्यांनी ती रेघ बघितली आणि कागद गुंडाळून कपाटात टाकला. इतरांसारखा भिंतीवर लावला नाही. मला वाटलं, विक्षिप्त माणूस, आनंदसुद्धा सरळ होता येत नाही.

आणि मग माझ्या बायकोला, कमलला, दिवस गेले.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण कमलचं माहेर मेहकरच्या पलीकडे आडवळणाच्या खेड्यात, तिथे दवाखाना नाही. म्हणून माझी आईच गावाहून आमच्याकडे येऊन राहिली. सरांना बातमी कळली त्या दिवसापासून माझी शांतता संपली. रोज सकाळी मी ओट्यावर दात घासत असलो की भिंतीपलीकडून प्रश्न येई, "आज कितवा आठवडा मास्तर?" मी आठवडा सांगितला की पाच मिनिटं प्रोजेस्टेरॉन. नाही सांगितला तर ते स्वतःच सांगत, आणि तो बरोबर असे. त्यांच्या खोलीत भिंतीवर तक्ता होता. त्याच्यावर माझ्या बायकोचं नाव होतं! मी नाव काढायला लावलं, तर त्यांनी तिथे 'क' लिहिलं.

कमलच्या डोहाळजेवणाला बायका जमल्या होत्या, गाणी चालली होती. मागच्या दारानं उंबरकर सर हातात काजळीचा कागद घेऊन आत आले आणि आठव्या महिन्यात पोट कडक का लागतं हे समजावून देऊ लागले. ओटी भरायला आणलेले तांदूळ आईच्या हातातच राहिले. "अवो, बाप्या माणूस हाय तुमी," ती ओरडली, "इथं काऊन आले?" वहिनींनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं. जाताजाता ते कमलला म्हणाले, "घाबरू नको बाई, त्या खोट्या कळा हाय. आवळते, सुटते. कान नाही आले अजून." नवल म्हणजे कमलला त्यांचा राग येत नसे. ती म्हणे, "सगळ्या बाया मले काय खाऊ नको ते सांगतेत. आत काय चाललं ते हे एकटेच सांगतेत."

दिवस भरले. तारीख उलटली. मग त्यावर आणखी दहा दिवस गेले. आई देवापुढे बसून राहू लागली. मी वर्गात फळ्यावर चुकीची उत्तरं लिहिली. अकराव्या दिवशी पहाटेपासून कमलचं पोट दुखायला लागलं. दुखे, थांबे, पुन्हा दुखे, पण पुढे काही सरकेना. सकाळी नऊला आईनं फर्मान काढलं, "त्या बाजारगल्लीतल्या कंपाउंडरले आण. कळांची सुई देते तो. आमच्या गावात तिघींले देल्ली, दुपारपरेंत मोकळ्या झाल्या."

मला तरी दुसरं काय सुचणार? मी सदरा अडकवला आणि निघालो. तर दारात उंबरकर सर. दोन्ही हात चौकटीला लावून उभे.

"सुई नाही द्याची, मास्तर."

"सर, बाजूला व्हा."

"तपासल्याबिगर सुई नाही द्याची. कंपाउंडर काय तपासते? सुई टोचते अन् चालला जाते."

"अवो, पोरगी तळमळून राह्यली आतमधी!" आई मागून म्हणाली.

"तळमळू द्या. सुई नाही."

चार वर्षांची काजळी, थर्मास, पंप, तक्ता, सगळं माझ्या डोक्यात एकदम उसळलं. आत कमल कण्हत होती आणि हा माणूस मला माझ्याच घरातून बाहेर पडू देत नव्हता. मी ओरडलो, "तुम्हाला लेकरू नाही, बाळ नाही! तुम्हाला काय कळणार यातलं? बकऱ्या कापत बसा!"

ओट्यावर उंबरकर वहिनी उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. सरांनी चौकटीवरचे हात काढले आणि बाजूला झाले.

दार मोकळं झालं, पण मी बाहेर पडलो नाही. आयुष्यात इतकं वाईट मी कोणाला बोललो नव्हतो. सर जमिनीकडे बघत हळूच म्हणाले, "डॉक्टरीणबाईच्या दवाखान्यात नेऊ. त्या हात लावून पाह्यतीन. मंग त्या म्हणतीन तसं. टांगा मी आणतो."

मी मान हलवली. ते धोतर सावरत पळत गेले.

डॉक्टरीणबाई म्हणजे डॉ. सबनीस. गावात एकट्या राहत, दोन खाटांचा दवाखाना चालवत आणि सगळ्यांना रागावत. त्यांनी कमलला तपासलं आणि बाहेर येऊन सांगितलं, "पिशवीचं तोंड अजून मिटलेलं आहे. घरी सुई दिली असती तर मग माझ्याकडे आणून उपयोग नव्हता. आता थांबायचं." आई मटकन बाकावर बसली. मला वाटलं, आता सर माझ्याकडे विजयी नजरेनं बघतील. त्यांनी बघितलं नाही. दवाखान्याच्या पडवीत खांबाला टेकून ते बसून राहिले. वहिनी आत कमलजवळ होत्या.

दुपारी दोनच्या सुमाराला डॉक्टरीणबाई पुन्हा बाहेर आल्या. "तोंड चांगलं उघडलंय. पण पोरगी दमली, कळा मंदावल्यात. बाळाला फार वेळ असं ठेवणं बरं नाही. मी सलाइनमधून कळांचं औषध देते. थेंब थेंब."

आम्ही काही म्हणायच्या आत सर उठून उभे राहिले. "नको," ते म्हणाले. "बाई, नको. थांबू अजून."

"सर, सकाळी तुम्ही हिला इथे आणलंत, फार चांगलं केलंत. आता लुडबुड करू नका. नवरा कोण? तुम्ही ना? मला पाच मिनिटांत सांगा." आणि त्या आत गेल्या.

मी सरांकडे बघितलं. सकाळी ज्याला मी हाकललं, त्याच्याच तोंडाकडे आता बघत होतो. मी त्यांना बाकावर बसवलं.

"मास्तर," ते म्हणाले, "मले लेकरू झालं होतं."

मी त्यांच्याशेजारी बसलो.

"नागपूरले होतो तवा. ही बाळंतपणाले मायच्या घरी गेल्ती, देऊळगावराजाच्या अलीकडं. दिवस उलटले म्हणून तार आली. म्या प्रयोगशाळेतून कळांच्या दोन सुया रुमालात गुंडाळल्या अन् रेल्वेत बसलो. मलकापूरले उतरलो, तिथून मोटारीनं. रोज तेच औषध पट्टीवर घालत होतो मी. किती थेंबानं किती आवळते, सारं तोंडपाठ. पट्टी आवळली का आम्ही टाळ्या वाजवत होतो. तिथला म्हातारा डॉक्टर म्हणे, दोन दिवस थांबू. म्या म्हटलं, तुमाले काय मालूम, हे माझं रोजचं काम हाय. जावई बोलला म्हटल्यावर कोण बोलते? सासऱ्यानं डॉक्टरलेच गप केलं."

"मग?"

"पिशवीले कान आले होते, मास्तर. तिनं ऐकलं. लय जोरात ऐकलं. पण खालचं दार बंद होतं. म्या पाह्यलंच नव्हतं. मले दार ठाऊकच नव्हतं. आमच्या पट्टीले दार नसते ना."

आतून कमलचा आवाज आला. सरांनी डोळे मिटून घेतले.

"पोरगी होती," ते म्हणाले. "आतच गेली. ही वाचली कशीबशी. पुन्हा काही झालं नाही आमाले. म्या नोकरी सोडली."

चार वर्षं मी या माणसाला वेडा समजत होतो. मला त्याच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं, पण पाच मिनिटं संपत आली होती आणि माझं स्वतःचं लेकरू आत अडकलेलं होतं. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "सर, मी काय सांगू बाईंना? तुम्ही सांगाल तेच सांगतो."

त्यांनी आतल्या खोलीकडे बघितलं. मग एकेक शब्द ओढून काढल्यासारखं बोलले, "या बाईनं हात लावून पाह्यलं. दार उघडलं म्हणते. म्या न पाह्यता देल्लं होतं. दोन्हीत फरक हाय." माझा हात सोडवत म्हणाले, "होय म्हणा."

मी आत जाऊन होय म्हटलं.

दवाखान्याच्या त्या खोलीला अर्धं दार होतं. दाराच्या वरून सलाइनची बाटली आणि नळी तेवढी दिसे. सर त्या दाराबाहेर स्टूल घेऊन बसले, मनगटावरचं घड्याळ काढून तळहातावर ठेवलं आणि मोठ्यानं थेंब मोजायला लागले. "एक, दोन, तीन..." डॉक्टरीणबाई आतून म्हणाल्या, "सर, नर्स आहे मोजायला." सर थांबले नाहीत. "मिनिटाले दहा. बरोबर हाय. एक, दोन..." एका मिनिटात अकरा पडले तेव्हा ते ताडकन उठून ओरडले, आणि डॉक्टरीणबाई नर्सच्या आधी त्यांच्यावरच खेकसल्या. पण नंतर त्याच म्हणाल्या, "बसा, मोजा. निदान हात पाय आपटत फिरू नका." आई बाकावर जप करत होती, हे थेंब मोजत होते, आणि मी दोघांच्या मधे उभा राहून कोणाच्या आकड्याला लागावं ते न कळून नुसता घामाघूम होत होतो.

चारच्या आधी मुलगी झाली. रडली, चांगली दणदणीत रडली. कमल सुखरूप होती. मी बाहेर आलो तेव्हा स्टूल रिकामं होतं आणि त्यावर घड्याळ पडलेलं होतं. सर रस्त्यापलीकडे घोड्यांच्या हौदाजवळ पाठमोरे उभे होते. मी हाक मारली. त्यांनी मागे न बघता हात वर केला, म्हणजे ऐकलं अशा अर्थानं.

पाचव्या दिवशी कमल घरी आली. सर भिंतीपलीकडून एकदाही बोलले नव्हते. आठवडे विचारायचे आता उरले नव्हते, पण दुसरं काहीही नाही. दुपारी वहिनी बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू घेऊन आल्या आणि आमच्या लेकीला मांडीवर घेऊन बसल्या. मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी मी दारात जे बोललो, त्याची मला फार लाज वाटते. तुम्ही दोघांनी मला माफ करा."

वहिनी लेकीच्या डोक्यावरचं टोपरं नीट करत होत्या. म्हणाल्या, "बोलले ते बरं झालं भाऊजी. कोणीतरी बोललं त्याईले."

"म्हणजे?" मी विचारलं.

"माझ्या मायच्या घरी जावयाले कोणी बोलत नाही," वहिनी म्हणाल्या. "त्या दिवशी बी नाही बोललं. पोरीले पुरून आले, अन् माझ्या मायनं त्याईले आंघोळीले ऊन पाणी देल्लं. पाटावर बसवून वाढलं. डोळे पुसत पुसत वाढलं, पण वाढलं. माझ्या बापानं त्याईले मोटारीपरेंत पोचवलं. इतक्या लांबून आले बिचारे, म्हणे. म्या बी काही नाही बोलली. वाटे, आधीच खचले, आपण अजून काय बोलाचं? तवापासून ते माझ्याकडं असे पाह्यतेत, जसं काही मी आता बोलन, मंग बोलन." त्यांनी लेकीचा हात आपल्या बोटाभोवती धरू दिला. "त्याईले वाटते म्या माफ नाही केलं. अन् म्या कधी रागावलीच नाही, तं माफ करू कशी?"

कमल खाटेवरून म्हणाली, "मंग रागवा ना, वहिनी."

वहिनींनी तिच्याकडे बघितलं. मग लेकीला तिच्या कुशीत ठेवलं, लाडवांचा डबा फळीवर ठेवला आणि घरी गेल्या.

तासाभरानं भिंतीपलीकडून आवाज आला. चार वर्षांत मी वहिनींचा चढा आवाज कधी ऐकलेला नव्हता, त्यामुळे आधी ओळखलाच नाही. "मले इचारलं काऊन नाही तुमी? माझं पोट होतं ना ते! मले इचाराचं ना एक डाव!" मग भांडं पडल्याचा आवाज. मग त्या रडायला लागल्या, आणि त्यात दुसरा आवाज मिसळला, तो सरांचा होता.

आई दचकून उठली. "अगं बाई, काऊन भांडून राह्यले हे? जाय ना बाबू, सोडव."

"राहू दे आई," मी म्हटलं. कमलनं लेकीला पदराखाली घेतलं. मी आईला हात धरून ओट्यावर नेलं, मागे दार लोटून घेतलं, आणि ती दोघं मनसोक्त भांडेपर्यंत आम्ही बाहेरच बसून राहिलो.